तारेवाचूनची तार

पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी झालेल्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ सुमारे दहा दिवसांनी, आणि तीही एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली. जासूद आणि सांडणीस्वार यांहून वेगवान साधन तेव्हा नव्हते. जुन्नर परिसरात नाणेघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारे हडसर, चावंड, जीवधन हे किल्ले आहेत; अशा गडांवरून जाळ करून किंवा तोफ डागून इशारा देता येई, परंतु त्यातून अगोदर ठरलेला अर्थच पोहोचे, शत्रू किती आणि कोणीकडे वळला हे सांगता येत नसे.

ही उणीव विजेच्या तारेने भरून काढली. 11 मे 1857 रोजी दिल्लीहून अंबाल्यास गेलेल्या संदेशांमुळे पंजाबातील इंग्रज अधिकारी सावध झाले आणि 13 मे रोजी लाहोरजवळील मियाँ मीर छावणीत देशी पलटणींची हत्यारे काढून घेतली गेली. मात्र हे सामर्थ्य खांबांवर टांगलेले होते. मूळचे येवल्याचे तात्या टोपे नर्मदा उतरून निमाडात आले, तेव्हा नोव्हेंबर 1858 मध्ये त्यांच्या सैन्याने मुंबई-आग्रा मार्गावरील तार तोडली.

तारेचा हा दुबळेपणा ओळखून तिला पूरक ठरणारे यंत्र मुंबई इलाख्यातच, कराचीच्या तारखात्यातील हेन्री मान्स या अभियंत्याने 1869 मध्ये तयार केले. ‘हेलिओग्राफ’ म्हणजे तिपाईवर बसवलेला लहानसा गोल आरसा. कळ दाबली की तो किंचित कलतो आणि दूरच्या ठाण्यावर सूर्यकिरणाचा लखकन झोत पडतो. झोत किती वेळ टिकला यावरून मोर्स लिपीतील बिंदू आणि रेघ ओळखून अक्षरे लावली जातात. सूर्य पाठीशी असल्यास दुसऱ्या आरशाने किरण वळवून घेतात. स्वच्छ हवेत पन्नास मैलांपलीकडेही संदेश पोहोचतो, आणि झोत अरुंद असल्याने बाजूच्या शत्रूला तो सहसा दिसत नाही.

दुसऱ्या अफगाण युद्धात 27 जुलै 1880 रोजी मैवंद येथे मुंबई लष्कराच्या पलटणी धुळीस मिळाल्या आणि उरलेली फौज कंदाहारात कोंडली गेली. तिच्या सुटकेसाठी काबूलहून निघालेल्या इंग्रज सेनापती रॉबर्ट्सच्या सुमारे दहा हजार सैन्यामागे तार नव्हती. तरीही 27 ऑगस्टला त्याच्या पुढच्या तुकडीने रोबात येथून कंदाहारशी आरशानेच संवाद साधला. अफगाणिस्तानच्या कोरड्या, निरभ्र डोंगरांत हे यंत्र शोभले. सह्याद्रीच्या पावसाळ्यात मात्र ते चार महिने निरुपयोगीच ठरावे, म्हणून संदेशवाहक तुकड्यांना निशाणे आणि रात्रीसाठी दिवेही बाळगावे लागत.