ध्यानास बसण्यापूर्वी

आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, गीताजयंती. कीर्तनास येणारे भाविक आम्हांस विचारतात, “बुवा, डोळे मिटले की मन बाजारात जाते, काय करावे?” आम्ही उलट विचारतो, “रात्री जेवलात किती, निजलात केव्हा?” गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिभोजन करणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, दोघांसही योग नाकारला आहे, झोपेचेही तसेच. पतंजलींच्या अष्टांगांत ध्यान सातवे, यमनियम आधी. हठप्रदीपिका तर पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावयास सांगते. आणि आमच्याकडे ‘एकादशी नि दुप्पट खाशी’! साबूदाण्याची खिचडी, वर वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी. मग जपास बसताच पेंग येते, दोष मात्र मनाला. आज फराळ अर्धाच करावा, वेळेवर निजावे, आणि उद्या पहाटे स्नान करून, पारण्यापूर्वी घटकाभर बसून पाहावे.