एलायझा: फक्त शब्द जुळवून बोलणारी

चॅटबॉट लिहायला शिकणाऱ्याने आधी एलायझा हा जुना चॅटबॉट समजून घ्यावा. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली तिच्यावरचा लेख प्रसिद्ध केला. नाव घेतलं शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेचं. त्याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' लिहिलं.

तिला अर्थ कळत नव्हता. ती वाक्यात ठरावीक शब्द शोधायची, आणि प्रत्येक शब्दाला वजन दिलेलं होतं. तिच्या 'डॉक्टर' स्क्रिप्टमध्ये 'कॉम्प्युटर'चं वजन सर्वाधिक, ५०. शब्द सापडला की वाक्याचे तुकडे करायचे, 'माझा'चं 'तुझा' करायचं आणि ते तयार साच्यात बसवायचे. काहीच जुळलं नाही तर? 'माझा' असलेलं आधीचं वाक्य जपून ठेवलेलं असे, तेच ती कधी कधी पुन्हा काढायची. मला तर हीच युक्ती सगळ्यात सुंदर वाटते, कारण समोरच्याला वाटतं, हिने लक्ष देऊन ऐकलंय!

याच पद्धतीने, समजा बिलांच्या चौकशीसाठी, मराठी बॉटचे नियम लिहिताना खरी कसोटी सामान्यरूपांची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपांची. 'पाणी' हा शब्द ठेवला, तर 'पाण्याचं बिल' निसटतं. नुसतं 'पाण' ठेवलं, तर 'पाणबुडी'ही अडकते. म्हणून 'पाणी' आणि 'पाण्या' अशी दोन्ही रूपं द्या. 'पाण्याचं बिल' हा अख्खा वाक्प्रयोग एकट्या 'बिल'च्या आधी तपासा, नाहीतर 'बिल'च्या नियमात लिहिलेलं विजेच्या बिलाचं उत्तर जाईल.

दहा-बारा नियमांचा छोटा बॉट आजच लिहून बघा, आणि कुठे अडलात ते कमेंटमध्ये जरूर सांगा.