रंगाची भर



देवळाली कॅम्पासारख्या छावणीच्या गावात खाकी रंगाची ओळख करून द्यावयास नको. 'खाक' म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीत मिसळून जाणारा हा रंग गणवेशासाठी उचलला.

आता तो खाकी कपडा घरातील हळदीच्या डब्याशेजारी ठेवून पाहा. दोहोंची जात पिवळीच. मग फरक कशाचा? कोणी म्हणेल, हळद अधिक उजळ आहे. परंतु जुन्या वहीचे पिवळट पान हळदीहूनही उजळ असते, तरी ते हळदीइतके पिवळे दिसत नाही. म्हणजे रंगाची जात आणि उजळपणा यांखेरीज तिसराही एक गुण आहे. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली हे तिन्ही गुण वेगळे करून दाखविले. तिसऱ्या गुणाला शास्त्रात संपृक्तता म्हणतात. आपण त्याला रंगाची भर म्हणू.

ही भर येते कशी? पांढऱ्या प्रकाशात सगळेच रंग असतात. हळदीतील कर्क्युमिन त्यातला निळा-जांभळा भाग बहुतेक गिळून टाकते आणि उरलेला परत पाठविते. म्हणून पिवळा ठसठशीत दिसतो. खाकी कापड निळा भागही थोडाबहुत परत पाठविते आणि त्या भेसळीने पिवळा मळकट होतो. पहिल्या पावसात कौले अधिक लाल दिसतात, तेही याच न्यायाने: कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावरून उधळणारा पांढरा प्रकाश पाण्याच्या थराने कमी होतो.

आता व्यवहाराची गोष्ट. बाजारात आपण रंगाच्या भरीवरून मालाची पारख करतो आणि लबाड व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळले जाते. दुसऱ्यात शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरी एक साधी परीक्षा करता येते. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता थांबा. शुद्ध हळद तळाशी बसते, पाणी फिके पिवळे राहते. कृत्रिम रंग असेल, तर पाणी गर्द पिवळे होते. मात्र लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते.

तेव्हा रंगाची भर डोळ्यांनी अवश्य पाहावी. तिला शुद्धतेची साक्ष मात्र समजू नये.