थरथर दिसते, बाकीचं राहून जातं

घरात कुणाला पार्किन्सन्स झाला, की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हाताकडे बघतो. हात थरथरत नसेल तर ‘आता बरंच बरं दिसतंय’ म्हणून समाधानाने उठतो. पण कंप हे या आजाराचं अटळ लक्षण नाही. जवळजवळ पाव रुग्णांना सुरुवातीला तो नसतोच. त्यांच्या हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, अक्षर बारीक होत जातं, आवाज खोल जातो. आणि ज्यांचा हात थरथरतो, त्यांचेही दिवस कसे जातात हे बहुतेक वेळा त्या थरथरीवर ठरत नाही.

हे मोजून पाहिलेलं आहे. २००२ साली सहा देशांतल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रश्न असा होता, की एकाच आजारात कुणाचं जगणं बरं आणि कुणाचं हलाखीचं का असतं? आजार कोणत्या टप्प्यावर आहे आणि औषधं कोणती चालू आहेत, या दोन्हींनी मिळून त्या फरकाचा पाचवा हिस्साही उलगडला नाही. सगळ्यात मोठा वाटा होता नैराश्याचा. निदानाच्या वेळी आजार नीट समजावून सांगितला गेला का, आणि रुग्णाला पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटते का, याचाही प्रभाव दिसला. ज्या देशात न्यूरॉलॉजिस्टच्या दारात रांगा लागतात आणि एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात, तिथे ‘नीट समजावून सांगणं’ हा उपचाराचाच भाग आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यावर हमखास ऐकू येतं, ‘एवढा आजार झाल्यावर माणूस खचणारच.’ खचण्यात नवल नाही, पण सगळं नैराश्य आजाराच्या बातमीने आलेलं नसतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिनबरोबर मेंदूतली इतर रसायनंही बिघडतात. त्यामुळे नैराश्य किंवा सतत वाटणारी धास्ती कधी कधी हालचालींच्या तक्रारीआधी काही वर्षं येते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना उपचाराची गरज पडावी इतकं नैराश्य असतं, आणि औषधांनी, समुपदेशनाने ते हटू शकतं. उलट बाजूचीही एक गफलत होते. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे हसू उमटत नाही आणि नातवंडांना वाटतं, आजोबा रागावलेत. चेहऱ्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ विचारावं, ‘कसं वाटतंय?’

बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं या तक्रारींना ‘वय झालं’ म्हणून बाजूला सारलं जातं. पार्किन्सन्सच्या रुग्णात त्या बहुधा आजाराचाच भाग असतात. उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येते, तीही तशीच. रात्र मोडली की दुसरा दिवस मोडतो, रुग्णाचा आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाचाही.

औषधाबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो: या आजारावरचं मुख्य औषध असलेल्या लेव्होडोपाची गोळी जितकी उशिरा सुरू करू तितकं बरं, नाहीतर पुढे ती चालेनाशी होते. घानामध्ये औषध सहज मिळत नसल्याने रुग्णांना ते उशिरा सुरू व्हायचं. संशोधकांनी त्यांची तुलना इटलीतल्या रुग्णांशी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. गोळीचा परिणाम लवकर ओसरणं, अंगाला नकळत पीळ पडल्यासारख्या हालचाली होणं, हे त्रास दोन्हीकडे आजाराला साधारण तितकीच वर्षं झाल्यावर आले. घानातल्या लोकांनी उशीर करून काही वाचवलं नव्हतं. मधली वर्षं मात्र विनाऔषध काढली होती. मात्रा किती असावी हे डॉक्टरच ठरवतील, पण भीतीपोटी गोळी टाळू नये. आणि चालू असलेली गोळी एकदम बंद तर कधीच करू नये.

कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ म्हणून गोळीच्या जोडीला घेतलं जातं. त्या बियांत लेव्होडोपाच असतो. डॉक्टरांना न सांगता चूर्ण घेणं म्हणजे मात्रा वाढवणं.

‘आता आराम करा’ हा सल्लाही मायेपोटीच दिला जातो, पण स्नायू आणि तोल दोन्ही वापराविना ढासळतात. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. पाय जमिनीला खिळल्यासारखा अडतो तेव्हा ताल किंवा जमिनीवर आखलेली रेघ पाऊल सुटायला मदत करते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते आहे. अशा गटात बसलेल्या माणसाला आपला थरथरता हात खिशात लपवावा लागत नाही.

घराघरात बोललं जाणारं आणि सर्वांत जास्त दुखावणारं वाक्य मात्र वेगळंच असतं: ‘मुद्दाम करतात.’ सकाळी दहाला भाजी आणायला गेलेला माणूस साडेअकराला खुर्चीतून उठू शकत नाही. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. प्रत्यक्षात गोळीचा परिणाम उतरलेला असतो. कधी कारण जेवणात असतं: डाळ, पनीर, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे लेव्होडोपा शरीरात शिरायला अडथळा येतो, म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. प्रथिनं बंद करायची नसतात, वेळ जुळवायची असते. चार-पाच दिवस वहीत मांडून ठेवावं: गोळी किती वाजता घेतली, केव्हा लागू पडली, केव्हा उतरली, जेवण कधी झालं, रात्री किती वेळा उठावं लागलं. ही वही न्यूरॉलॉजिस्टला दाखवली तर गोळ्यांमधलं अंतर किंवा मात्रा बदलता येते, आणि साडेअकराचा तो ताठरलेला तास बऱ्याचदा आटोक्यात येतो.