जुने ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्सचे अपग्रेड



विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ‘सर, घरच्या जुन्या संगणकावर उबंटू टाकू का?’ असं पालक विचारतात. जरूर टाका. ज्यांच्याकडे आधीपासून उबंटू आहे, त्यांनी मात्र नवी आवृत्ती घेण्याआधी सेटिंग्जमधील ‘अबाउट’ उघडून ग्राफिक्स कार्डाचं नाव बघा.

तिथे इंटेल असेल तर सहसा काळजी नाही. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. अडचण येते ती जुन्या एनव्हिडियाची. उदाहरणार्थ, २००९ चं जीफोर्स २१०. त्याला कंपनीचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर लागतो आणि कंपनीने त्याचं काम २०१९ अखेर थांबवलं. कर्नल मात्र बदलत राहतो. पोरगं वाढलं, पण माप माहीत असलेल्या शिंप्याने दुकानच बंद केलं, तसं! मग अपग्रेडनंतर पडदा काळा, नाहीतर अक्षरं भलीमोठी. लोकांना वाटतं, संगणकच गेला.

म्हणून अपग्रेडच्या आधीच ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन नूवो हा मुक्त ड्रायव्हर निवडा व संगणक रीस्टार्ट करा. जड गेम चालणार नाहीत (बरंच आहे म्हणा!), पण टायपिंग, पीडीएफ, साधे व्हिडिओ होतात.

शाळेत एकच संगणक असेल तर आधी नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून ‘ट्राय उबंटू’ने सुरू करा आणि मुलांचा एखादा पाठ लावून बघा. हार्डडिस्कला हात लागत नाही. चित्र नीट दिसलं, की डेटाची कॉपी काढून मगच अपग्रेड करा.