लिंटलपर्यंत आलेलं घर

सकाळी पावणेसात

कडिया नाका भरत आला आहे. दाहोद, छोटा उदेपूर, पंचमहालकडची माणसं रस्त्याच्या कडेने उभी आहेत. कुणाच्या पिशवीतून थापीचा दांडा डोकावतो, कुणाजवळ नुसती पावडी-घमेली. वडोदऱ्यात असे नाके बरेच आहेत. माझं काम इथून सुरू होतं, कारण ज्यांच्या नावावर गावात घरकुल मंजूर झालंय ते दिवाळीनंतर गावात सापडत नाहीत, इथे सापडतात.

बोडेलीकडचा एक तरुण गवंडी ओळखीचा झाला आहे. त्याला विचारलं, घर कुठवर आलं? “लिंटल सुधी, बेन. पछी पैसा खूटी गया.” खिडक्या-दारांच्या वरची पट्टी झाली, त्यापुढे पैसे संपले. मी वहीत लिहून घेते : पहिला हप्ता कधी पडला, जोतं कधी झालं, काम कुठे अडलं, उसने किती घेतले. मुकादम येतो आणि बोलणं अर्धवट राहतं. रोज बुडवून माझ्याशी बोला असं मी कुणाला सांगत नाही.

पहिला हप्ता मिळाल्यापासून सहा महिन्यांत घर पुरं करणाऱ्याला गुजरात सरकार २० हजार रुपये जादा देतं. हेतू चांगला आहे, घरं रेंगाळू नयेत. पण ते २० हजार कोण मिळवतं? ज्याच्या गाठीला आधीपासून चार पैसे आहेत, तो. ज्याला पुढच्या हप्त्याची वाट पाहत शहरात मजुरीला यावं लागतं, त्याचे सहा महिने याच नाक्यावर सरतात. आज जिथे जाईन तिथे हेच मांडायचं आहे.

सव्वाआठ

डभोईची बस. खिडकीशी जागा मिळाली की मांडीवर कागद पसरते. डिसेंबर सुरू आहे. फेब्रुवारीत राज्याचा अर्थसंकल्प येईल, म्हणजे खात्यांची आकडेमोड आताच चालू असणार. अर्थसंकल्प मांडून झाल्यावर दिलेल्या निवेदनाला उत्तर गोड मिळतं, पैसे मिळत नाहीत.

हिशोब असा. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण आली. सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यातच स्वयंपाकाची जागा. खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. म्हणजे ७२ हजार आणि ४८ हजार. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. सिमेंट, सळई, विटा, वाहतूक सगळं चढत गेलं, पण केंद्राचा हा आकडा तिथेच राहिला. शेवटी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात गुजरातने स्वतःच्या तिजोरीतून ५० हजार घातले आणि मदत १ लाख ७० हजारांवर नेली. आंबेडकर आवास, पंडित दीनदयाळ आवास आणि हळपती आवास योजनांनाही ती वाढ मिळाली.

हे फार मोठं पाऊल आहे आणि मी ते प्रत्येक बैठकीत आधी बोलून दाखवते. आता एका घरामागे राज्याचे ९८ हजार आणि केंद्राचे ७२ हजार पडतात. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवून थांबायचं कारण उरलं नाही, पुढचा निर्णय गांधीनगरलाही घेता येतो.

एक गोष्ट मात्र कागदावर मांडली की अधिकारीही क्षणभर थांबतात. त्याच घराला जोडून मिळणारी रोजगार हमीची मजुरी दर एप्रिलला सुधारली जात आली आहे. गुजरातेत ती २०१६-१७ ला १८८ रुपये होती, २०२५-२६ ला २८८ झाली. घराची रक्कम त्याच चालीने वाढली असती तर १ लाख २० हजारांचे २०२५-२६ ला सुमारे १ लाख ८४ हजार झाले असते. एकाच घरात दोन सरकारी आकडे, एक दरवर्षी हलतो आणि दुसरा नऊ वर्षं निपचित. मजुरीला जो न्याय, तोच घराला लावा, एवढीच आमची मागणी आहे.

दहा वाजता, गावात

या तालुक्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत. धरणाच्या पाण्याने उठलेल्यांत महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीची माणसंही होती, त्यांतली काही परवेट्याला येऊन राहिली. अशा वसाहतींमध्ये तात्पुरत्या म्हणून दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये कुटुंबांनी वर्षानुवर्षं काढली. अर्ध्यावर सोडलेलं ‘तात्पुरतं’ किती काळ टिकतं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आज ज्यांच्याकडे आले त्या बेन वसाव्यांपैकी आहेत, विधवा, मुलगा भरूचकडे कामाला. जुनं घर तुरीच्या काठ्यांच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं, वर देशी कौलं. त्याला लागूनच नव्या विटांच्या भिंती उभ्या, डोक्यावर आभाळ. सळयांची टोकं वर निघालेली आहेत आणि त्यांना चिंध्या गुंडाळल्यात, नातवंडांना लागू नये म्हणून. ओरसंग नदीच्या रेतीचा ढीग होता, त्यातला निम्मा पावसाने नेला. दाराशी सिमेंटच्या दोन गोण्या आहेत. ओल धरून त्या आतल्या आत दगड झाल्या. बेनने त्या उंबऱ्यापुढे आडव्या टाकल्यात, आता त्यांच्यावर पाय ठेवून घरात जायचं.

“थेली फेंकी देवाय?” त्या म्हणतात. पैसे मोजून आणलेली गोणी टाकून कशी द्यायची?

अडलं कुठे ते त्या मला नीट सांगतात, आणि कुठल्याही अहवालापेक्षा स्वच्छ सांगतात. भिंत जमेल तशी चढते. आठवड्याला चार थर, हात थकले की थांबायचं, मजुरी आली की पुन्हा सुरू. सकाळ-संध्याकाळ घागरीने पाणी मारायचं, तेवढं घरचं माणूस करतं. स्लॅब तसा होत नाही. सेंट्रिंगच्या फळ्या भाड्याने आणायच्या, सळई बांधून घ्यायची आणि सगळा माल एका दिवसात ओतायचा. मध्ये थांबलं तर सांधा राहतो आणि तिथूनच गळतं. म्हणजे घराच्या सगळ्या खर्चातला सर्वांत मोठा घास एकाच आठवड्यात, रोख. आणि नेमका त्याच आठवड्यात हातात काही नसतं, कारण शेवटचा हप्ता घर पुरं झाल्यावर, आणि घर पुरं व्हायला लागणारा पैसा त्याच हप्त्यात.

त्यांनी पायातली चांदीची कडली सोनाराकडे ठेवली आहेत. त्यातून सळई आली, सिमेंट राहिलं.

योजनेत ७० हजारांपर्यंत कर्जाची सोय लिहिलेली आहे. माझ्या ओळखीच्या गावांत ते कुणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. बेनच्या नावावर सातबारा नाही, पगार नाही, तारण ठेवायला होती ती कडलीच.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो निघतो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह संगणकावर चढतो आणि मगच पैसे थेट खात्यात येतात. ही पद्धत राहायलाच हवी. कागदावर बांधलेली घरं हिच्यामुळे अवघड झाली आणि मधला हात सुटला. आमचं म्हणणं एवढंच की लिंटलचा फोटो चढला की राज्याचे वाढीव ५० हजार त्याच टप्प्यावर सोडा, स्लॅब ओतायच्या आधी. तिजोरीला एक रुपया जास्त लागत नाही. लिंटलपर्यंत आलेलं घर सोडून कुणी पळून जात नाही.

साडेबारा

ग्रामपंचायतीत तलाटी भेटले. ते तीन गावं सांभाळतात, बोलणं धावतंच झालं. इथे प्रश्न त्याहून आधीचा आहे : ज्यांना घर मंजूर करायचं त्यांना जागाच नाही. भूमिहीनांना १०० चौरस वारांचा मोफत भूखंड द्यायची योजना गुजरातेत जुनी आहे, पण गामतळ, म्हणजे गावठाण, भरलं की देणार कुठून? सासऱ्याच्या वाड्यात राहणारी सून, दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर झोपडी घातलेलं कुटुंब, यांची नावं यादीत येतात आणि जागेच्या रकान्यापाशी अडतात. गामतळ वाढवायचा ठराव ग्रामसभेने करावा म्हणून मसुदा ठेवून आले.

तीन वाजता

तालुका पंचायत. आवास शाखेतला कर्मचारी सरळ माणूस आहे. त्याने लिंटलवर थांबलेल्या घरांची यादी पडद्यावर दाखवली. नावं नकोत, टप्पे आणि तारखा हव्यात, एवढंच मागितलं. लेखी अर्ज द्या म्हणाला, दिला.

साडेपाच, परत शहरात

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विभागातल्या दोन मुली माझ्या वहीतल्या नोंदी संगणकावर घालतात. त्यांतल्या एकीने विचारलं, सरकारला हे जमेल का? मी तिला कच्छ सांगितलं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर याच राज्याने लोकांना स्वतःची घरं स्वतः बांधू दिली, टप्प्याटप्प्याने पैसे दिले, अभियंते गावोगाव पाठवले, गवंड्यांना प्रशिक्षण दिलं. जगभर त्याचे दाखले देतात. तेव्हा जमलं कारण ते संकट मानलं गेलं. डोक्यावर छप्पर नसलेलं पावसाळ्यातलं घर हेही संकटच आहे, फक्त ते एकेका अंगणात येतं.

मग नंदुरबारच्या सहकाऱ्याचा फोन. महाराष्ट्रानेही एप्रिल २०२५ मध्ये ५० हजार वाढवले, त्यांतले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. जागा घ्यायला तिथे वेगळं अर्थसाहाय्य आहे. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, एका हेक्टरवर वीस कुटुंबं, जागा आणि घर एकत्र. अंमलबजावणीबद्दल तो समाधानी नाही, पण जागा आणि घर एका कागदावर आणणारी कल्पना मला हवी आहे. गुजरातेतल्या डफेर, मदारी, वादी कुटुंबांना एकेकटं घर देऊन भागत नाही, त्यांना वस्ती लागते. सभोवार आपली माणसं नसली तर ती त्या घरात टिकत नाहीत.

रात्री साडेआठ

निवेदन दोन पानांच्या वर जाऊ द्यायचं नाही. आमदारांचे स्वीय सहायक तिसरं पान उलटत नाहीत. मागण्या तीनच ठेवल्या. घराच्या रकमेची दरवर्षी एप्रिलमध्ये, मजुरीच्या दराबरोबर फेरतपासणी व्हावी. लिंटलच्या टप्प्यावर वाढीव रक्कम स्लॅबच्या आधी खात्यात पडावी, आणि स्थलांतराला जाणाऱ्या कुटुंबांना सहा महिन्यांच्या अटीत सवलत मिळावी. गामतळ वाढवण्यासाठी आणि वसाहतींच्या जमिनीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी.

खाली तारखांचा तक्ता जोडला. पहिल्या मागणीपुढे १८८ आणि २८८ हे आकडे ठळक केले. एक प्रत जिल्हा विकास अधिकाऱ्यांना, एक ग्रामविकास विभागाला. तिसरी प्रत गुजरातीत, मोठ्या अक्षरांत छापायची आहे. ती गुरुवारच्या ग्रामसभेत वाचून दाखवायची, आणि लिंटलवर थांबलेल्या घरांच्या बायकांनी तिच्यावर सह्या-अंगठे दिले की तीच प्रत वर ठेवून गांधीनगरला न्यायची.