माहेरच्या आडनावाचा रकाना

माजी विद्यार्थिनी संघ म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलींनी शाळेशी नाते राखण्यासाठी स्थापलेली, स्वतःची घटना आणि सभासद-वर्गणी असलेली संस्था, अशी त्याची सरळ व्याख्या करता येते. परंतु स्नेहमेळावा आणि देणग्या एवढ्यातच त्याचे काम संपते असे मानले, तर अशा संघांच्या इतिहासातला महत्त्वाचा भाग नजरेआड होतो.

उच्च शिक्षणाने स्त्रीची प्रकृती, विशेषतः प्रजननक्षमता, बिघडते असा दावा बॉस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये पुस्तकरूपाने केला, आणि त्याला उत्तर देण्याइतकी माहिती कोणत्याही विद्यापीठाने जमवलेली नव्हती. १८८१ च्या नोव्हेंबरात त्याच शहरात सतरा पदवीधर स्त्रिया एकत्र आल्या, त्यातून महाविद्यालयीन माजी विद्यार्थिनींची संघटना उभी राहिली आणि तिने पदवीधर स्त्रियांकडे प्रश्नावल्या पाठवल्या. आलेल्या ७०५ उत्तरांवरून मॅसॅच्युसेट्सच्या श्रम-सांख्यिकी खात्याने १८८५ मध्ये जो अहवाल छापला, त्यात शिक्षणाने प्रकृती ढासळल्याचे दिसले नाही. (आजारी स्त्रिया उत्तर देण्याच्या भानगडीत कमीच पडल्या असतील, ही शंका रास्त आहे; पण क्लार्क यांच्यापाशी तर मोजक्या रुग्णांच्या हकिगतींपलीकडे काहीच नव्हते.)

याच सुमारास, १८८४ मध्ये, न्या. रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, आणि पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेमुळे ते ‘हुजूरपागा’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. तिथल्या इंग्रजी शिक्षणावर, अभ्यासक्रमावर आणि शाळेच्या वेळांवर ‘केसरी’ने कडक टीका केली. अशा शिक्षणाने मुलींचे काय होते, हा वाद अखेर शिकून बाहेर पडलेल्या मुलींकडे पाहूनच सुटणार होता; मात्र त्यासाठी त्या सापडायला हव्या होत्या.

नेमकी हीच गोष्ट मुलींच्या शाळेला अवघड जाते. मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येकाच्या कायम नोंदवहीत, जसे असते तसेच ते पुढे दुकानाच्या पाटीवर किंवा मतदारयादीत सापडते. मुलीचे आडनाव लग्नानंतर बहुधा बदलते आणि काही घरांत पहिले नावही बदलण्याची चाल आहे. हुजूरपागेत सातव्या वर्षी आलेली इरावती करमरकर पुढे इरावती कर्वे म्हणून मानववंशशास्त्रात नावारूपाला आली, तर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे झाल्या. ही नावे चरित्रांमुळे जुळतात. बाकीच्यांची जुळणी कुणीतरी बसून करावी लागते.

म्हणूनच अशा संघाच्या सभासद-अर्जात दहावीचे वर्ष आणि तुकडी यांच्याबरोबर ‘लग्नापूर्वीचे नाव’ हा रकाना असतो. संस्था-नोंदणीचा १८६० चा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा असे दोन कायदे नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण पाहतात. या रकान्याची काळजी मात्र प्रत्येक बॅचमधल्या त्या एका बाईवर सोपवलेली असते, जिला चाळीस वर्षांनीही वर्गातल्या सगळ्याजणी माहेरच्या आडनावाने आणि बाकाच्या क्रमाने आठवतात.